हातभर फुरसे : कुठे बसते, कसे ओळखावे, चावले तर काय करावे



भातकापणीचे आणि गवतकापणीचे दिवस जवळ आले की कासू, नागोठणे, पेण, रोहे या पट्ट्यातून आमच्या कार्यक्रमाकडे सापांविषयी विचारणा होऊ लागते. नाग आणि घोणस यांच्याबद्दल लोक पुष्कळ विचारतात. ते मोठे साप, डोळ्यांत भरणारे, त्यांचे भय सर्वांनाच आहे. फुरशाबद्दल मात्र फारसे कुणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "फुरसं काय, वीत-दीड वीत तर असतं. त्यानं काय होतंय!" म्हणून या पत्रकात मोठ्या सापांना बाजूला ठेवून लहान विषारी सापांचीच माहिती द्यायची ठरविले आहे. त्यातही मुख्यतः फुरशाची, कारण आपल्या डोंगरउताराच्या शेतात हात आणि पाय नेमके त्याच्याच जागी जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सापाची लांबी आणि त्याचे विष यांचा काही संबंध नाही. सहा-सात फुटांची धामण बिनविषारी आहे, ती आपल्या शेतातले उंदीर खाते. हातभर फुरसे मात्र देशातील चार प्रमुख विषारी सापांमध्ये गणले जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे ते चार साप. सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशावरची लस याच चार सापांच्या विषापासून बनविलेली असते. फुरसे किरकोळ असते तर लस तयार करणाऱ्यांनी त्याला या चौघांत बसविले नसते.

फुरसे कसे ओळखावे

आपल्याकडचे फुरसे साधारण एक ते दीड फूट लांब असते. दोन फुटांचे फुरसे क्वचितच पाहायला मिळते. राजस्थानच्या वाळवंटातली फुरशी याहून मोठी होतात, पण ती आपल्याकडे नाहीत. रंग मातकट, तपकिरी किंवा राखी. पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग आणि दोन्ही कुशींवर नागमोडी पांढुरकी रेघ असते. डोके मानेपेक्षा रुंद असून त्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पाखराच्या पावलासारखी फिकट खूण दिसते. डोळे मोठे, बाहुली उभी. अंगाचे खवले खरखरीत, धामणीसारखे तुळतुळीत नव्हेत.

या सर्व खुणा पाहायला जवळ जावे लागते आणि जवळ तर जायचे नाही. तेव्हा लांबून कळणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे बसण्याची तऱ्हा. डिवचले गेले की फुरसे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालते, डोके मधोमध ठेवते आणि वेटोळी एकमेकांवर घासते. कुशीवरचे खवले करवतीच्या दातांसारखे असतात. ते घासले की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा चर्रर्र आवाज येतो. हा आवाज तोंडातून येत नाही, अंगातून येतो. ऐकू आला की पाय जागच्या जागी थांबवावा, आवाज कोठून येतो ते पाहावे आणि मग मागे सरावे. दुसरी गोष्ट चालण्याची. उघड्या जमिनीवर ते पुष्कळदा सरळ न जाता अंग आडवे टाकीत तिरके जाते.

आता स्वभाव पाहा. धामण माणसाची चाहूल लागताच पळते. फुरसे सहसा पळत नाही. आपला रंग मातीत मिसळतो यावर भरवसा ठेवून ते तिथेच दबून बसते. पाय अगदी अंगावर आला की विजेच्या वेगाने चावा घेते. म्हणूनच फुरशाचा दंश बहुतकरून पायाच्या बोटांना, घोट्याला नाहीतर हाताच्या बोटांना होतो. साप अंगावर धावून येत नाही, आपणच त्याच्यावर जातो.

फुरशासारखा दिसणारा एक मांजऱ्या साप आहे. त्याच्याही अंगावर नक्षी असते आणि तोही वेटोळे घालून रागावल्याचा आव आणतो. तो माणसाला घातक नाही. पण शेताच्या बांधावर उभे राहून हा फरक ठरविण्याच्या फंदात तुम्ही पडू नये. ते सर्पतज्ज्ञांचे काम आहे.

त्याची जागा आपल्या शेतात कोणती

कासू गावाच्या दोन बाजू डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेकडे आंबा नदी आणि खाडीच्या अंगाची खारजमीन, खारबंदिस्तीचे बांध, उघाड्या, खाजण. पूर्वेकडे डोंगर, त्याच्या उतारावरची वरकस जमीन, माळ, गवत आणि वाड्या. फुरशाला ओल आणि चिखल मानवत नाही. खाजणात जो साप दिसतो तो बहुतेक पाणसाप, आणि भातखाचराच्या बांधातल्या उंदरांच्या बिळात असलाच तर नाग किंवा घोणस असण्याचा संभव अधिक. फुरशाचे राज्य उताराकडे आहे. उघडा, कोरडा, दगडगोट्यांचा माळ, तुरळक झुडपे, सड्यावरच्या खडकातल्या कपारी, मातीत अर्धवट रुतलेले दगड. घनदाट रानातही ते फारसे नसते. ऊन खाली पोचते तिथे ते असते.

आता यात आपली करणी किती आहे ते बघा. शेत साफ करताना वेचलेले दगड आपण बांधावर रचतो, किंवा कोपऱ्यात ढीग घालतो. दगडी गडगा घालतो, त्याच्या फटी तशाच राहतात. या फटींत दिवसा गारवा असतो, रात्री ऊब असते. तिथे विंचू, गोम, किडे, पाली, बेडकांची पिल्ले असतात, आणि हेच फुरशाचे अन्न. विंचू तर ते आवडीने खाते. आपण त्याला घरही बांधून दिले आणि जेवणाचे ताटही वाढले, मग ते जाईल कशाला? जेथे दगडाखाली विंचू पुष्कळ सापडतात तेथे फुरसेही असू शकते असे समजून वागावे.

फुरशी मारून संपतील का, असा प्रश्न काही जण करतात. याचे उत्तर कोकणानेच देऊन ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावले होते. लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली, सरकारची तिजोरी हलकी झाली आणि रत्नागिरीच्या सड्यांवर फुरशी आजही आहेत. जागा जशीच्या तशी राहिली तर साप पुन्हा येणारच. त्यामुळे मारण्यात वेळ घालविण्यापेक्षा घराजवळची आणि खळ्याजवळची त्याची जागा मोडावी. साप मारायला जाणाऱ्यालाच पुष्कळदा दंश होतो, हेही ध्यानात असू द्या.

वर्षभरातील कामे आणि धोक्याच्या वेळा

राबाचे दिवस. होळीच्या आगेमागे आपण झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत गोळा करून रोपवाटिकेच्या जागी राब भाजतो. कवळ तोडून त्याचे भारे रानात काही दिवस पडून राहतात. त्याखाली सावली धरून फुरसे बसते. नंतर आपण वाकून दोन्ही हात भाऱ्याखाली घालतो आणि तो डोक्यावर घेतो. म्हणजे हातही त्याच्याजवळ आणि तोंडही. यासाठी भारा एकदम उचलू नये. आधी लांब काठीने चार फटके मारावेत, आकडीने तो दोन हात ओढून जागेवरून हलवावा, क्षणभर थांबावे आणि मग उचलावा. हे काम बहुधा बायका आणि पोरेसोरे करतात. घरातल्या कर्त्या माणसाने त्यांना आकडी करून द्यावी. बांबूची आकडी करायला पैसा लागत नाही.

पहिला पाऊस. याच सुमाराला, साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, फुरशाची मादी पिल्ले घालते. फुरसे अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते, एका वेळी साधारण चार ते आठ. पिल्लू पेन्सिलीएवढेही नसते, पण जन्मतःच विषारी असते. मुलांना ते गांडुळासारखे किंवा दोरीच्या तुकड्यासारखे वाटते. पोरे उचलायला जातात. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे नीट समजावून सांगा. पाऊस लागून जमीन भिजली की फुरसे उंचवट्यावर, गडग्याच्या माथ्यावर, कधी झुडपावरसुद्धा चढून बसते. तेव्हा पावसाळ्यात गडगा ओलांडताना त्याच्यावर हात टेकू नये. ही सवय आपल्यात फार आहे.

गवतकापणी आणि भातकापणी. वरकसावरचे गवत कापताना डाव्या हाताने मूठ धरायची आणि उजव्या हाताने विळा चालवायचा, ही आपली रीत. डावा हात दिसत नसलेल्या जागी जातो. कापणी सुरू करण्यापूर्वी दोघातिघांनी काठ्या आपटीत शेतातून एक फेरी मारावी. फुरसे आवाजाने पळून जाईलच असे नाही, पण डिवचले गेले तर जागेवरून घासल्याचा आवाज करील आणि कोठे आहे ते कळेल. डाव्या हाताला जाड कॅनव्हासचा किंवा कातड्याचा हातमोजा घालावा. त्याने शंभर टक्के संरक्षण होते असे नाही, पण फुरशाचे दात घोणशीइतके लांब नसतात, त्यामुळे जाड कापडाचा उपयोग होतो. पायात रबरी गमबूट असावेत. अनवाणी पायापेक्षा साधी बंद चप्पल बरी, चपलेपेक्षा बूट बरा आणि बुटापेक्षा गमबूट बरा. भाताचे भारे खळ्यावर रात्रभर पडले असतील तर सकाळी उचलताना राबाच्या भाऱ्याची तीच रीत पाळावी.

दगड उचलण्याचीही एक पद्धत आहे. आपण दगडाची आपल्या जवळची कड धरून तो वर उचलतो, म्हणजे खालची पोकळी नेमकी आपल्या पायापुढे उघडते. असे न करता पलीकडची कड कुदळीने किंवा पहारेने उचलून दगड आपल्याकडे उलटवावा. मग दगड आपल्या आणि सापाच्या मध्ये येतो. ही गोष्ट साधी आहे, पण खात्रीची आहे.

वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जाणाऱ्या आदिवासी बंधूंचा धोका आणखी वेगळा. विटांच्या चळतीत फटी असतात, जळणाचा ढीग शेजारी असतो आणि झोपही तिथेच, जमिनीवर. भट्टीमालकाने निदान बाजा आणि उजेडाची सोय करावी, असे आम्ही जाहीरपणे सांगतो.

इतर लहान साप

मण्यार तशी तीन फुटांहूनही अधिक वाढते, पण अंगाने बारीक असल्याने लोक तिला लहानच समजतात. निळसर काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने. हे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या बिनविषारी आहे. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यार दिवसा सुस्त असते. रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक की झोपमोडही होत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, आणि पुढे श्वास बंद पडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे अचानक पोट दुखू लागले आणि डोळे मिटू लागले, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचणे, हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय. डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

पोवळा हा आपल्याकडच्या विषारी सापांत सर्वांत लहान म्हणावा लागेल. जाड सुतळीएवढा, फिकट तपकिरी, डोके काळे, शेपटीवर काळी कडी, पोटाकडून लालसर. पालापाचोळ्याखाली आणि दगडाखाली असतो. सहसा चावत नाही. पण हातात घेऊन खेळण्याची वस्तू नव्हे.

चापडा हा हिरवा साप डोंगरातल्या बांबूच्या बेटांत आणि ओढ्याकाठच्या झुडपांत असतो. बांबू तोडणाऱ्यांना माहीत आहेच. हात घालण्यापूर्वी बेटात काठी फिरवावी. याच्या दंशाने वेदना आणि सूज फार येते, मृत्यू क्वचित. नेहमीच्या लसीत याच्या विषावरचा अंश नसतो, तेव्हा उपचार काय करायचा ते डॉक्टरच ठरवतील.

फुरशाचे विष शरीरात काय करते

हा भाग नीट वाचा, कारण सगळी फसगत इथेच होते.

जखम झाली की आपले रक्त थोड्या वेळात गोठते आणि वाहणे थांबते. रक्त गोठविणारी द्रव्ये शरीरात ठराविक प्रमाणात साठविलेली असतात. फुरशाचे विष रक्तात मिसळले की ही द्रव्ये विनाकारण कामाला लागतात आणि संपून जातात. समजा, कणगीतले सगळे बियाणे कुणी एकाच दिवशी माळावर उधळले. पुढे पेरणीची वेळ आली तर कणगीत काय उरणार? तसेच होते. साठा संपलेला असतो आणि रक्त पाण्यासारखे पातळ राहते. मग हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, लघवी लाल, दंशाच्या जागेतून किंवा जुन्या खरचटलेल्या जागेतून झिरपणारे रक्त, अशी लक्षणे दिसू लागतात. क्वचित मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड निकामी होते आणि माणूस दगावतो.

हे सर्व तासाभरात होईलच असे नाही. दंशाच्या जागी दुखते, सूज येते, माणूस घाबरतो, पण चालतो-बोलतो, भाकरी खातो. म्हणून घरचे म्हणतात, "बघा, काही झालं नाही." दुसऱ्या दिवशी चूळ भरताना तोंडातून रक्त येते. तोवर एक दिवस फुकट गेलेला असतो. मण्यार आणि नाग यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते आणि काही तासांत श्वास थांबवू शकते. फुरशाचे तसे नाही, ते वेळ देते. त्या वेळेचा उपयोग दवाखाना गाठण्यासाठी करायचा आहे, वाट बघण्यासाठी नव्हे.

आता मांत्रिकाची गोष्ट. त्याच्याकडे गेलेले पुष्कळ लोक बरे होतात, हे खरे आहे. का होतात? एक तर चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. दुसरे, विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. ही माणसे मांत्रिक असो वा नसो, बरी होणारच होती. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे त्याचे रक्त मंत्राने गोठत नाही. गावातल्या भगताशी भांडण करू नका. त्याला हेच समजावून सांगा आणि रुग्णाला दवाखान्यात पाठविण्यासाठी त्याचीच मदत घ्या. लोक त्याचे ऐकतात.

दंश झाल्यावर काय करावे

माणसाला खाली बसवा किंवा निजवा, धीर द्या. धावपळीने आणि स्नायू हलल्याने विष लवकर पसरते. दंश झालेल्या हातापायातील अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ ताबडतोब काढा. पुढे सूज आली की ती मांसात रुततात. हाड मोडल्यावर बांधतात तशी कामटी किंवा फळी लावून सैलसर कापडाने तो अवयव स्थिर करा. दंशाची वेळ लक्षात ठेवा.

दोरीने आवळून बांधू नका. फुरशाचे आणि घोणशीचे विष दंशाच्या जागेचे मांसही खराब करते. रक्तपुरवठा तोडला की ते तिथेच कोंडते आणि बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येते. ब्लेडने कापून रक्त काढणे तर फुरशाच्या बाबतीत फारच घातक आहे. ज्याचे रक्त गोठत नाही त्याला आपणच जखम करायची, म्हणजे काय होणार ते सांगायला नको. चोखणे, चुना-तंबाखू लावणे, बर्फ लावणे, पाला वाटून पाजणे, दारू देणे हे सर्व टाळावे. दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा अंगदुखीची कसलीही गोळी मनाने देऊ नका. अशा काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

साप शोधून मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. मेलेल्या सापाच्या तोंडात हात गेला तरी विष भिनू शकते. मोबाइलवर लांबून फोटो निघाला तर काढा, नाही निघाला तर नाही. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून उपचार ठरवतात.

१०८ क्रमांकाला फोन करा, रुग्णवाहिका विनामूल्य येते. ती यायला वेळ लागेल असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने निघा. वाडीवर मोटारसायकलखेरीज काही नसेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने धरून बसावे. रुग्णाला चालवीत डोंगर उतरवू नये, डोलीतून किंवा खांद्यावरून आणावे. पेण आणि रोहे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. लस कुठे आहे याची चौकशी निघतानाच एकाने फोनवरून करावी, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फेऱ्या होणार नाहीत.

दवाखान्यात काय होते

काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलविल्याशिवाय ठेवतात. मग नळी कलती करतात. रक्त गोठले असेल तर ते जागचे हलत नाही, वाहिले तर विष अंगात भिनले आहे असे समजून लस सुरू करतात. यंत्र नाही, वीज नाही, तरी होणारी ही तपासणी आहे. पहिल्यांदा रक्त गोठले म्हणून लगेच घरी निघू नका. विषाचा परिणाम नंतर दिसू शकतो, म्हणून ही तपासणी पुनःपुन्हा करतात आणि निदान चोवीस तास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. "पोरगं हसतंय, खेळतंय, उगाच कशाला ठेवलंय" असे म्हणून सही करून घरी नेणारे पालक असतात. कृपा करून असे करू नका.

लस घोड्यांपासून बनते. सापांचे विष अगदी थोड्या थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात आणि ती शुद्ध करून लस करतात. मुंबईत परळच्या हाफकिनचे नाव या कामात जुने आहे. लस शिरेतून देतात. काहींना खाज, पित्त किंवा दम लागतो, त्यावर डॉक्टरांकडे औषध तयार असते. हे उपाय घरी किंवा गावच्या खाजगी सुईवाल्याकडे होत नाहीत. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप मूल लहान म्हणून विष कमी सोडीत नाही. गरोदर बाईलाही लस द्यावी लागते, त्यात दिरंगाई करू नये.

विंचवाबद्दल एक शब्द, कारण तो त्याच दगडाखाली असतो. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे कोकणातले असे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम सुटणे, ओकारी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर तोही दवाखान्याचाच विषय आहे.

लस घेऊन घरी आल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. काही दिवसांत पुन्हा हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसले तर त्याच दिवशी परत जावे. आणि एक ते तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आले तर ती लसीची प्रतिक्रिया असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. सूज उतरेपर्यंत चिखलात काम करू नये.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यात बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला.

शेवटी आमच्या खात्याची माहिती. शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला सर्पदंशाने मृत्यू आला तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो आणि मुदत थोडी असते. दवाखान्यातले कागद, सातबारा आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवावा. रुग्णाला दवाखान्यात नेलेच नसेल तर साप चावल्याचा कागद मिळविताना घरच्यांचे फार हाल होतात. अर्जाचा नमुना आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे मागावा.